काल पहिला, आज बारावा: डकार रॅलीचे शेवटचे दिवस वाचायचे कसे?

२०२४ च्या जानेवारीत स्पेनचे कार्लोस साइन्झ वयाच्या ६१ व्या वर्षी डकार रॅली, म्हणजे वाळवंटातली मोटारसायकली आणि मोटारींची लांब पल्ल्याची शर्यत, मोटारींच्या गटात जिंकले. (फॉर्म्युला वनमध्ये दिसतो तो त्यांचा मुलगा. बापलेकांचं नाव एकच.) दोन आठवड्यांच्या त्या रॅलीत साइन्झ एकाही दिवशी पहिले आले नव्हते, तरी दुसऱ्या क्रमांकाच्या गाडीपेक्षा ते तब्बल एक तास वीस मिनिटांनी पुढे राहिले.

दर जानेवारीत पुण्यातल्या बाइकवाल्यांच्या ग्रुपांवर डकारच्या क्लिपा फिरायला लागतात आणि त्यांच्यामागोमाग प्रश्नही. काल जिंकलेला आज बारावा कसा? गाडी बिघडली, की माणूस थकला? आणि जो आघाडीवर आहे तो शेवटच्या दिवशी इतका सावकाश का चाललाय? टीव्हीवरचा समालोचक हे आपल्याला माहीत असणार असं धरूनच बोलत असतो. ते माहीत नसेल तर रॅलीचे शेवटचे तीन-चार दिवस, म्हणजे खरं तर सगळ्यात रंगतदार भाग, नुसती उडणारी वाळू वाटतात.

सगळा खेळ बेरजेचा

रॅलीत रोज एक टप्पा असतो. प्रत्येकाला टप्प्याला लागलेला वेळ नोंदला जातो आणि तो आदल्या दिवसांच्या वेळेत मिळवला जातो. शेवटी ज्याची बेरीज सगळ्यात कमी, तो विजेता. टप्पा जिंकल्याबद्दल वेगळे गुण नाहीत. चौदा दिवसांत चौदा वेळा पाचवा आलेला माणूस रॅली जिंकू शकतो आणि सात टप्पे जिंकलेला माणूस एका दिवसाच्या बिघाडात तिसाव्या क्रमांकावर जाऊ शकतो.

२०२४ च्या जानेवारीतच बालेवाडीच्या स्टेडियममध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तिथे सगळे एकदम सुटतात, मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत ठरावीक फेऱ्या मारतात आणि जो पुढे दिसतो तोच पुढे असतो. रॅलीत तसं नाही. इथे स्वार ठरावीक अंतराने एकेक सुटतो. डोळ्यांना जो पुढे दिसतो तो घड्याळात मागे असू शकतो, आणि बऱ्याचदा असतोच.

टप्प्याचेही दोन भाग असतात. ज्यात वेळ मोजतात तो भाग म्हणजे ‘स्पेशल’. मुक्कामापासून स्पेशलच्या सुरुवातीपर्यंत आणि स्पेशल संपल्यावर पुढच्या मुक्कामापर्यंतचा साधा रस्ता म्हणजे ‘लायझन’. लायझनवर शर्यत नसते. वाहतुकीचे नियम आणि वेगमर्यादा तिथे सगळ्यांना लागू असतात, आणि त्या मोडल्या तर दंड होतो. स्पेशलवर मोटारसायकलींना ताशी १६० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. इंजिन ४५० सीसीपेक्षा मोठं चालत नाही. त्यामुळे आघाडीच्या दहा स्वारांच्या गाड्यांत ताकदीचा फरक फारसा नसतो. फरक पडतो तो दुसरीकडे.

जीपीएस असताना रस्ता चुकतात कसे?

हा हमखास येणारा प्रश्न. उत्तर असं की आपल्याला माहीत असलेला जीपीएस, म्हणजे निळ्या रेषेवरून चला आणि दोनशे मीटरवर डावीकडे वळा, तो त्यांना मिळतच नाही. त्यांना मिळतं रोडबुक. रोडबुक म्हणजे वाटेची चित्रलिपी: इतके किलोमीटर झाल्यावर दोन वाटा फुटतील, उजवी धरा, इथे खड्डा आहे, एक उद्गारचिन्ह, इथे जीव जाईल असा उतार आहे, तीन उद्गारचिन्हं. वाळवंटात तर वाटच नसते. तिथे होकायंत्राचा अंश दिलेला असतो आणि तेवढ्या दिशेनं सरळ जायचं असतं.

पूर्वी हे रोडबुक कागदाच्या गुंडाळीवर असायचं आणि आदल्या संध्याकाळी मिळायचं. स्वार रात्री तंबूत बसून रंगीत पेनांनी खुणा करायचे. मोठ्या संघांनी तर त्यासाठी खास माणसं ठेवली होती. ती उपग्रहाची चित्रं बघून उद्याची वाट आधीच शोधून काढत. पैसेवाल्या संघांचा हा फायदा आयोजकांच्या डोळ्यांत खुपला आणि २०२० पासून काही टप्प्यांचं रोडबुक सकाळी, निघण्याच्या थोडं आधी द्यायला सुरुवात झाली. आता ते पडद्यावरच येतं. मोटारीत ते वाचायला शेजारी सहचालक असतो. मोटारसायकलवाला एकटा. खडकांतून शंभरच्या वेगानं जाताना हँडलवरच्या पडद्यावर नजर टाकायची, अंगठ्यानं पान पुढे सरकवायचं आणि परत समोर बघायचं, हे काम दिवसातून शेकडो वेळा.

वाटेत ‘वेपॉइंट’ पेरलेले असतात. हे नकाशावरचे बिंदू, तिथे पोचल्याची नोंद गाडीवरच्या यंत्रात व्हावी लागते. बरेचसे लपवलेले असतात. त्यातल्या एका प्रकारात तुम्ही ८०० मीटरच्या आत गेलात तरच यंत्रावर दिशेचा बाण उमटतो. बिंदू चुकला की वेळेचा दंड. म्हणून स्वार वाळूत गोलगोल फिरताना दिसतात. ते हरवलेले असतात हे खरं, पण शोधत असतात तो हा अदृश्य बिंदू.

पुढे असणं हा तोटा कसा?

पावसाळ्यात ताम्हिणी घाटातून धुक्यात गाडी चालवली असेल तर हे सांगायला लागणार नाही. सगळ्यात पुढची गाडी रांगत असते. तिला वळण दिसत नाही, कठडा दिसत नाही, समोर म्हैस आहे की मैलाचा दगड ते कळत नाही. तिच्या मागच्या गाड्या मात्र तिचे लाल दिवे धरून निवांत येतात. मागच्यांना वाटतं, हा इतका हळू का चाललाय? त्याला पुढे काढलं की दोन मिनिटांत आपणही रांगायला लागतो.

मोटारसायकलींच्या गटात आदल्या दिवशी जिंकलेला स्वार दुसऱ्या दिवशी सगळ्यात आधी सुटतो. त्याच्यापुढे वाळूवर एकही चाकोरी नसते. प्रत्येक फाट्यावर रोडबुक वाचून, वेग कमी करून, कधी थांबून निर्णय घ्यावा लागतो. मागून येणाऱ्याला त्याच्या चाकांचा माग मिळतो. पुढचा कुठे ब्रेक मारून वळला, कुठे फसला, हे वाळूवर लिहिलेलं असतं. मोठ्या टप्प्यात मागचे लोक यातून काही मिनिटं सहज कमावतात. म्हणून काल पहिला आलेला आज बारावा येतो, आणि काल बारावा आलेला आज पहिला. गाडीही बिघडलेली नसते आणि माणूसही थकलेला नसतो.

अर्थात माग धरून जाणं हाही हमखास उपाय नव्हे. पुढचा चुकला की त्याचा मागही चुकीचाच. एकामागोमाग सात-आठ जण त्याच कोरड्या नाल्यात शिरतात आणि रोडबुकवर विश्वास ठेवणारा एखादा नवखा शांतपणे योग्य वाटेनं निघून जातो. मला हे बघायला सगळ्यात आवडतं.

मोटारींना आणखी एक सोय असते: त्यांच्याआधी मोटारसायकली गेलेल्या असतात आणि त्यांचे माग आयतेच मिळतात. अलीकडे काही टप्प्यांत दोन्ही गटांना वेगळ्या वाटांनी सोडतात, त्यामुळे मोटारवाल्यांनाही कोरी वाळू बघावी लागते.

मग मुद्दाम मागे राहिलं तर?

राहतातच. उद्याचा टप्पा लांब आणि अवघड आहे हे दिसत असेल, तर आज जिंकण्यात शहाणपणा नाही. चांगला सूर लागलेला असतानाही स्वार शेवटी वेग कमी करून तीन-चार मिनिटं घालवतो, म्हणजे उद्या आठ-दहा जण त्याच्याआधी सुटतील. प्रेक्षकाला हे रडीचा डाव वाटतं. माझ्या मते तो रडीचा डाव नाही. नियमच तशी बक्षिसं देत असतील तर खेळाडूनं काय करावं?

आयोजकांना मात्र ते पसंत नव्हतं. जिंकायला आलेली माणसं जिंकायला टाळाटाळ करतायत, हे चित्र कोणत्याच स्पर्धेला परवडत नाही. म्हणून २०२३ पासून मोटारसायकलींमध्ये वाट काढणाऱ्या पहिल्या तिघांना वेळेची सूट मिळू लागली. सगळ्यात पुढच्याला किलोमीटरमागे दीड सेकंद, दुसऱ्याला एक आणि तिसऱ्याला अर्धा. शंभर किलोमीटर पुढे राहून वाट काढली तर अडीच मिनिटं खात्यात जमा. तोटा पूर्ण भरून निघत नसेल, पण पुढे सुटणं आता शिक्षा उरलेली नाही. समालोचक ‘बोनस’ म्हणतात तो हाच.

शेवटचे दिवस वेगळे का?

पहिल्या आठवड्यात चुकीला वाव असतो. दहा मिनिटं गेली तर भरून काढायला पुढे दोन-तीन हजार किलोमीटर पडलेले असतात. शेवटून तिसऱ्या दिवशी ते किलोमीटर संपत आलेले असतात आणि हिशोब बदलतो. आघाडीवरच्याला जिंकायचं नसतं, फक्त घालवायचं नसतं. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला धोका पत्करण्यावाचून गत्यंतर नसतं. एकाच वाळूत दोघं दोन वेगळ्या शर्यती खेळत असतात.

त्यात यंत्रं थकलेली. इंजिन बदललं तर वेळेचा दंड आहे. आघाडीच्या स्वारांना २०२१ मध्ये मागच्या टायरांची मर्यादा घातली गेली, अख्ख्या रॅलीला सहा. पहिल्या आठवड्यात ज्यानं टायर उधळले, त्याला शेवटच्या खडकाळ टप्प्यात झिजलेल्या रबरावर जावं लागतं. काही टप्पे ‘मॅरेथॉन’ असतात, म्हणजे त्या रात्री संघाचे मेकॅनिक गाडीला हात लावू शकत नाहीत. जे काही खोलायचं-जोडायचं ते स्वारानं स्वतः. २०२४ मध्ये याची पुढची पायरी आली, ४८ तासांचा टप्पा. संध्याकाळी चार वाजले की जो पुढचा तळ लागेल तिथेच थांबायचं, मिळेल तो तंबू घ्यायचा, मिळेल ते खायचं आणि सकाळी पुन्हा निघायचं. शेजारच्या तळावरचा प्रतिस्पर्धी किती पुढे आहे हेही नीट कळत नाही.

आणि शरीर. ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस २०१९ ची रॅली मोडलेल्या मनगटानं खेळला. पेरूमधल्या त्या रॅलीच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्याची आघाडी होती एक मिनिट दोन सेकंदांची. मागे चिलीचा पाब्लो किंतानिया. वेळ भरून काढायची तर जोरात सुटणं भाग होतं. तो तसा सुटला, सुरुवातीलाच पडला आणि दुसऱ्यावरून चौथ्या क्रमांकावर गेला. प्राइस जिंकला. यात किंतानियाची चूक काढणारे पुष्कळ भेटतात. मला ती चूक वाटत नाही. दुसऱ्या जागेवर समाधान मानायचं असतं तर तो सुटला नसता तसा.

साइन्झ यांच्या २०२४ च्या विजयातही हेच घडलं. शेवटून दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रान्सचा सेबास्तियाँ लोब त्यांच्यामागे होता आणि अंतर भरून काढता येण्यासारखं होतं. त्या टप्प्यात लोबच्या गाडीचं सस्पेन्शन मोडलं आणि एका तासाहून जास्त वेळ गेला. लोबनं त्या रॅलीत अनेक टप्पे जिंकले होते, अगदी शेवटच्या दिवशीचासुद्धा. एकूण निकालात मात्र तो तिसरा.

शेवटचा टप्पा म्हणजे नुसती मिरवणूक असते ना?

पुष्कळदा असते. शेवटचा टप्पा आखूड ठेवतात. आघाडी पंधरा-वीस मिनिटांची असेल तर त्या दिवशी फोटोच काढायचे असतात. पूर्वी रॅली खरोखर सेनेगलमधल्या डकारजवळच्या गुलाबी तळ्याकाठी संपायची, तेव्हा तर तो समारंभच असे. २००८ ची रॅली मॉरिटानियातल्या सुरक्षेच्या धोक्यामुळे रद्द झाली, २००९ पासून ती दक्षिण अमेरिकेत गेली आणि २०२० पासून सौदी अरेबियात आहे. नाव मात्र डकारच राहिलं.

आघाडी लहान असली की मिरवणूक विसरा. २०२३ च्या १५ जानेवारीला अल-होफुफहून दम्मामकडे जाणारा शेवटचा स्पेशल होता १३६ किलोमीटरचा. पुण्याहून लोणावळ्याला जाऊन परत येण्याएवढा. सकाळी प्राइस पहिला आणि अर्जेंटिनाचा केविन बेनाविदेस दुसरा. दोघांमध्ये बारा सेकंद. संध्याकाळी बेनाविदेस विजेता, प्राइस ४३ सेकंदांनी दुसरा. दोघंही चव्वेचाळीस तासांहून जास्त गाडी पळवून आलेले. रॅलीच्या इतिहासात तोवरचा हा सर्वांत निसटता निकाल होता.

त्या दिवशीची एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी: शेवटच्या टप्प्याला उद्या नसतो. जिंकलं तर दुसऱ्या दिवशी वाट काढावी लागेल ही भीतीच उरत नाही. दोन आठवडे जपून मागे राहणारे त्या एका सकाळी पूर्ण ताकदीनं सुटतात. मिनिटं मोजत आलेल्या माणसांना अचानक सेकंद मोजायचे असतात.

एकाच संघाचे दोघे पुढे असतील तर?

प्राइस आणि बेनाविदेस दोघंही केटीएमच्या कारखाना संघाचे, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या संघाचे होते. संघानं त्यांना मोकळं सोडलं आणि म्हणून तो दिवस तसा झाला. नेहमी असं होत नाही. २०१४ मध्ये मिनी संघाचे स्तेफान पीटरहान्सेल आणि नानी रोमा शेवटच्या दिवशी २६ सेकंदांच्या अंतरानं पहिला-दुसरा होते. दोघांनी एकमेकांना गाठायच्या नादात दोन्ही गाड्या फोडू नयेत असं संघानं आधीच सांगितलं होतं. पुढे असलेला पीटरहान्सेल संघाच्या सांगण्यावरून शेवटी थांबला आणि रोमा जिंकला. नियमाविरुद्ध त्यात काही नव्हतं. चाहते मात्र चिडले आणि ते मला समजू शकतं. पैसे कारखाना घालतो हे मान्य, पण आपण बघायला बसतो ते माणसांना.

पडलेल्याला मागे टाकून जातात का?

नाही. जखमी स्वाराजवळ जो थांबतो, त्याचा तो वेळ नंतर वजा केला जातो. बेरजेत तो थांबलाच नव्हता असं धरतात. २०२० मध्ये पोर्तुगालचा पाउलो गोन्साल्विस, हीरोच्या संघाकडून खेळताना सातव्या टप्प्यात पडला तेव्हा प्राइस त्याच्यापाशी थांबला होता. गोन्साल्विस वाचला नाही. २०२१ पासून मोटारसायकलस्वारांना हवेनं फुगणारं जॅकेट सक्तीचं आहे. हा खेळ सुरक्षित झालाय असं मात्र कुणी म्हणू नये. त्याच वर्षी आपला सी. एस. संतोष चौथ्या टप्प्यात पडला आणि डॉक्टरांना त्याला औषधांनी कोमात ठेवावं लागलं. सुदैवानं तो बरा झाला.

आपला यात संबंध काय?

वाटतो त्यापेक्षा जास्त. केटीएमनं २००१ ते २०१९ मध्ये झालेल्या सगळ्या, म्हणजे सलग अठरा, रॅली मोटारसायकलींच्या गटात जिंकल्या. त्याच केटीएममध्ये आकुर्डीच्या बजाज ऑटोनं २००७ मध्ये पैसे घातले, आणि रस्त्यावर दिसणाऱ्या लहान केटीएम आपल्या चाकणला बनतात. रॅलीची गाडी वेगळीच असते, तरी नारिंगी रंगाचा स्वार जिंकला की पिंपरी-चिंचवडमध्ये उगाचच कॉलर ताठ होते.

संतोष २०१५ मध्ये ही रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, क्रमांक ३६. २०२४ मध्ये केरळचा हरिथ नोआ एकूण अकरावा आला आणि कारखाना संघांच्या खालच्या ‘रॅली २’ गटात पहिला. त्याच वर्षी बोत्स्वानाचा रॉस ब्रँच हीरोच्या गाडीवर एकूण दुसरा आला. आणि पुण्याचे संजय टकले २०२५ मध्ये टोयोटा लँड क्रूझर घेऊन ‘डकार क्लासिक’मध्ये उतरले. क्लासिक ही जुन्या गाड्यांची बहीण-रॅली आहे. तिथे वेगाला किंमत नाही. नेमून दिलेला सरासरी वेग राखायचा. लवकर पोचलात तरी दंडाचे गुण लागतात आणि उशिरा पोचलात तरी लागतात. पुणेकराला हा प्रकार जमायलाच हवा.

शेवटच्या दिवशी निकाल बघताना

सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिथे पहाट असते तेव्हा आपला नाश्ता झालेला असतो, त्यामुळे मोटारसायकलींचा निकाल बहुधा दुपारी जेवणाच्या सुमारास कळतो. आधी दोन तक्ते वेगळे ओळखा: एक आजच्या टप्प्याचा आणि एक एकूण बेरजेचा. शेवटची रेषा आधी ओलांडणारा दिसला म्हणून लगेच अभिनंदनाचे मेसेज टाकू नका, कारण तो आधी सुटलेला असू शकतो. अधल्यामधल्या नोंदींत आघाडीचा स्वार मागे पडताना दिसला तर त्याच्या हातात आघाडी किती होती ते बघा. वीस मिनिटं असतील तर तो ठरवून हळू चाललाय. वीस सेकंद असतील तर काहीतरी बिनसलंय.

आणि संध्याकाळपर्यंत थांबा. लायझनवरचा वेग, चुकलेला वेपॉइंट, वेगमर्यादेच्या पट्ट्यातला निष्काळजीपणा, जखमीसाठी थांबलेल्याला परत मिळालेली मिनिटं, हे सगळं पंच यंत्रांतल्या नोंदी तपासून मगच बेरजेत धरतात. दुपारी दिसतो तो निकाल तात्पुरता असतो.